सरावाच्या डेटाबेसमध्ये गेलेलं रक्त

माझी मामेबहीण जामसरला दिलेली. तिला सातवा महिना होता. घरातली सगळी भातलावणीत अडकलेली, म्हणून जव्हारच्या दवाखान्यात तिच्यासोबत मी गेले. मी मूळची खोडाळ्याची. ठाण्यातल्या एका कंपनीत सर्व्हरचं काम करते, आणि त्या पावसाळ्यात जव्हारलाच खोली घेऊन तिथून काम करत होते. दवाखान्यातल्या नोंदींचं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं होतं.

खिडकीवरच्या बाईंनी बहिणीचा नंबर टाकला आणि स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "रक्ताचा रिपोर्ट नाही. द्यावं लागेल."

"दिलाय ना," बहीण म्हणाली. "मागं आलेली तवा दिलाय. त्याच्या आधी पण दिलाय."

"सिस्टीममध्ये नाही म्हणजे दिलेलं नाही. तुम्ही लोक केसपेपर काढता आणि बाजाराला निघून जाता."

बहिणीनं हात पुढे केला. कोपराच्या आतल्या बाजूला मागच्या सुईचा हिरवट डाग अजून होता. "मग ह्या काय मीच टोचून घेतला?"

बाईंनी डागाकडे पाहिलं नाही. रांगेत आमच्या मागे उभी असलेली मोखाड्याकडची एक बाई हळूच म्हणाली, "माझा पण नाय सापडत." तिलाही परत रक्त द्यायला पाठवलं.

बहिणीनं तिसऱ्यांदा रक्त दिलं. बाहेर बाकावर कापसाचा बोळा दाबून धरत तिनं मला विचारलं, "बाय, माझा रगत नेऊन टाकतात तरी कुठं?"

कुठे टाकत असतील याचा अंदाज मला तिथे बाकावर बसल्या बसल्याच आला होता.

दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काही आठवड्यांपूर्वी सर्व्हरवर चढवली होती. असं सॉफ्टवेअर लिहिताना त्यात खऱ्या डेटाबेसचा पत्ता लिहीत नाहीत. फक्त एक नाव लिहितात, समजा 'तपासणी'. ते नाव खऱ्या कोणत्या डेटाबेसला जोडायचं, आणि आत शिरताना कोणतं युजरनेम-पासवर्ड वापरायचं, हे सर्व्हरवर बसवताना माणसाला ठरवावं लागतं. सर्व्हर एकेक नाव समोर ठेवून विचारतो. आपण नीट वाचून उत्तर द्यायचं, एवढंच काम.

आमच्याकडे डेटाबेस दोन होते. एक खऱ्या रुग्णांचा, आणि एक कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी, सरावाचा. मी ठाण्यातल्या माझ्या साहेबांना म्हटलं होतं, दोन्हींना वेगवेगळी युजरनेम देऊ. म्हणजे जोडणी चुकली तर सर्व्हर तिथेच अडवेल, पासवर्ड चालणारच नाही. साहेब हसले होते. "कशाला डोक्याला ताप? एकच अ‍ॅडमिन लॉगिन ठेव सगळीकडे. जव्हार-मोखाड्यात कोण हॅकर येणारेय?" आणि जोडणी त्यांनी स्वतः ठाण्यात बसून केली, कारण तारीख जवळ आली होती.

मी बहिणीला चहा घेऊन दिला, खोलीवर नेलं आणि लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांचं काम होतं. डॉक्टरांच्या स्क्रीनची जोडणी खऱ्या डेटाबेसला होती. प्रयोगशाळेची सरावाच्या. ज्या अ‍ॅडमिन लॉगिनला सगळी दारं उघडी, त्यानं निमूट आत शिरू दिलं होतं. प्रयोगशाळेतला माणूस इमानानं आकडे भरत होता, स्क्रीन त्याला 'नोंद झाली' सांगत होती, आणि नोंद होत होती 'टेस्ट पेशंट', 'अबक', 'डेमो बाई' असल्या खोट्या नावांच्या मधोमध. तिथे मला जामसरची, खोडाळ्याची, सगळ्या पाड्यांवरची नावं दिसली. माझ्या बहिणीचा आजचा रिपोर्ट दिसला. आधीचे दोन नव्हते. सरावाचा डेटाबेस दर आठवड्याला आपोआप पुसला जायचा, आणि पुढची पुसण्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

मी साहेबांना फोन लावला.

"कोणाला बोललीस का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही. पण आत्ता सर्व्हर थांबवून जोडणी बदलायला हवी."

"दिवसाढवळ्या सर्व्हर बंद? वेडी झालीस? वर मीटिंग चालू आहे, सिस्टीम एकदाही बंद पडली नाही हे दाखवतोय मी. पुढच्या आठवड्यात बघू. आणि मेलमध्ये लिही की लॅबवाल्यानं चुकीच्या ठिकाणी एंट्री केली."

"सर, त्यानं काही चुकवलेलं नाही. उद्या सकाळी सगळं पुसलं जाईल."

"मग परत देतील रक्त. त्यांना काय, गावाहून फिरायलाच येतात."

बहीण खोलीतल्या खाटेवर डोळे मिटून पडली होती. फोन स्पीकरवर नव्हता, तिनं ऐकलं नाही. पण मी ऐकलं. रस्ता गाठायला चिखलातून चालत येणारी, गाडी मिळाली तर मिळाली नाहीतर टेम्पोत उभी राहणारी ही बाई फिरायला येते. माझी आई अशीच 'फिरायला' जायची. मी फोन ठेवला.

मी सरळ दवाखान्यात परत गेले आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी वैतागल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी या बायांना ओरडत होते, 'तुम्ही तपासणी टाळता' म्हणून?"

"हो, मॅडम."

"किती वेळ बंद ठेवावं लागेल?"

"थोडाच. पण तुमची लेखी परवानगी लागेल."

त्यांनी तिथेच मेल केला, प्रत साहेबांना. मी आधी सरावातल्या नोंदींची प्रत काढली, पुसण्याचं काम बंद केलं. मग सर्व्हर थांबवला, प्रयोगशाळेची जोडणी बदलली, आणि प्रत्येक जोडणीला स्वतंत्र युजरनेम दिलं, फक्त तिच्याच कामापुरतं. सर्व्हर उठला. खऱ्या बायांच्या नोंदी खऱ्या जागी नेल्या. खिडकीवरच्या बाईंनी बहिणीचा नंबर पुन्हा टाकला. रिपोर्ट आला.

हिमोग्लोबिन इतकं कमी होतं की डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. बहिणीला खोलीवरून बोलावून त्याच दुपारी दाखल करून घेतलं. पहिल्या रिपोर्टच्या वेळी कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, असं त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. आता रक्त चढवावं लागलं. बाळंतपण पुढे सुखरूप झालं, मुलगी झाली. खिडकीवरच्या बाईंनी बहिणीची माफी मागितली नाही. फक्त त्या दिवशी तिला बसायला खुर्ची दिली.

कंपनीनं दवाखान्याला कळवलं की 'नेटवर्कच्या अडचणीमुळे काही नोंदी उशिरा दिसल्या'. मला ठाण्याला बोलावलं. साहेब म्हणाले, "काम चांगलं करतेस, पण तुम्ही लोक फार भावनिक होता."

"तुम्ही लोक म्हणजे कोण, सर?" मी विचारलं.

त्यांनी समोरची फाईल उघडली. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. काचेच्या पलीकडची माणसं वळून बघायला लागली, तरी बघू दिलं. मग मी विचारलं की आधीच्या आठवड्यांत ज्यांचे रिपोर्ट पुसले गेले, त्या बायांना कोण कळवणार? कुणाकुणाचे पुसले गेले याची यादी आता कुठेच नाही, पण प्रयोगशाळेत कुणाकुणाचं रक्त आलं हे तिथल्या माणसाला आठवत असेल, पाड्यांवर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना माहीत असेल, गावोगाव निरोप देता येईल.

"येतील त्या," साहेब म्हणाले. "पुढच्या तपासणीला येतीलच ना."

मी नोकरी सोडली नाही, कारण सोडली तर ती जोडणी पुन्हा त्यांच्याच हातात जाईल. आशाताईंना मीच फोन केले. एकेकीचा पत्ता लावत त्या पाड्यांवर गेल्या. काही बाया परत आल्या. काही म्हणाल्या, आता त्या दवाखान्यात पाय ठेवणार नाही. त्यांना समजवायला जायचं ठरवलं होतं, पण जाऊन काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.