आठ-सोळाच्या मावशी

जुना फ्यूज हातात ठेवल्याशिवाय मावशी नवा देत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, रस्त्यावर गाडी उलटी-सुलटी लावून आलेलं असो, त्या आधी तळहात पुढे करायच्या. "जुना आणलाय का?" नसेल आणला तर, "जा, काढून आणा. चावी बंद करून काढा." मग त्या शांतपणे पुढच्या माणसाकडे वळायच्या.

भिवंडीतून राहनाळकडे जायच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरीच. मोटारींचे बल्ब, वायरी, हॉर्नची बटणं आणि फ्यूज, एवढाच माल. त्या मूळच्या जवळच्याच शेलार गावच्या. नवरा मोटारींचा वायरमन होता. तो वारल्यावर नातेवाईक म्हणाले टपरी विकून टाक, तर ह्यांनी दुसऱ्याच दिवशी ती उघडली. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना बोटाच्या पेराएवढे फ्यूज लागत, वरून धातूची पट्टी असलेले. पांढरा आठ अँपिअरचा, तांबडा सोळाचा. आठच्या जागी सोळाचा मागणाऱ्याला मावशी कधीच देत नसत, म्हणून सगळे ड्रायव्हर त्यांना आठ-सोळाच्या मावशी म्हणत.

"अम्मा, सोला का दे दो ना, बार बार उडता है," असं एकदा एक टेम्पोवाला गयावया करत होता.

"आठ का जगह आठ. उडता है तो वायर को पूछ, मेरे को नहीं."

मागच्या गाळ्यात दिवसभर कापड विणायचे लूम चालत. त्या आवाजात बाकीचे दुकानदार ओरडून बोलत. मावशी मात्र आपल्या आवाजातच बोलायच्या, त्यामुळे ऐकायला गिऱ्हाईकालाच काउंटरवर वाकावं लागे. पैलवानासारखे ट्रक ड्रायव्हर त्यांच्यापुढे शाळकरी पोरांसारखे वाकलेले मी पाहिले आहेत.

मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवायचो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक जुनी मोटार घेतली आणि आठवडाभरातच मावशींच्या पुढे वाकून उभा राहिलो. हॉर्न वाजत नव्हता. त्यांनी डॉक्टरसारखं विचारलं, "आणखी काय बंद हाय? वायपर? ब्रेकची लाईट?" मी जाऊन पाहून आलो. तिन्ही बंद होते. "मग एकाच फ्यूजवर हायेत तिन्ही. हॉर्न खोलत बसू नका." मी काढून आणलेला फ्यूज त्यांनी उजेडाकडे धरला. पट्टी तर अखंड दिसत होती. त्यांनी टॉर्चचे दोन सेल, एक छोटा बल्ब आणि दोन वायरी यांची स्वतः जुळवलेली सामग्री काढली आणि फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावली. बल्ब लागला नाही. "डोळ्यावर भरवसा ठेवायचा न्हाय, मास्तर. टोकाशी तुटलाय, दिसत न्हाय." नवा फ्यूज देताना त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडाही दिला आणि क्लिपा घासून मगच बसवायला सांगितलं.

त्यांचं एक बोलणं मी वर्गातही सांगू लागलो. गिऱ्हाईक म्हणालं, "फ्यूज खराब झाला," की त्या लगेच म्हणायच्या, "खराब न्हाय झाला. त्याचं काम व्हतं ते त्यानं केलं." शेवटी एका वर्षी मी त्यांनाच शाळेत बोलावलं. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशी इस्त्रीचं पातळ नेसून आठवीच्या वर्गात आल्या. सोबत डबाभर जळके फ्यूज. आधी मागच्या बाकावर बसून त्यांनी माझा विद्युतधारेवरचा धडा लक्ष देऊन ऐकला, मग पुढे येऊन पोरांच्या हातात एकेक फ्यूज दिला. एका मुलीनं विचारलं, "मावशी, जाड तार टाकली तर कधीच जळणार नाही ना?"

"फ्यूज न्हाय जळणार. गाडी जळंल," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे हात करून हसल्या. "पुढचं मास्तर सांगतील. ते शिकलेले हायेत."

त्यानंतर वर्षभराच्या आतली गोष्ट. माझा मेहुणा, म्हणजे माझी बायको शैला हिचा भाऊ, राहनाळला एका गोदामात सुपरवायझर होता. रविवारी खारबावला त्याचा साखरपुडा होता. त्याच आठवड्यात माझ्या गाडीचा हॉर्न-वायपरचा फ्यूज दोनदा उडाला. शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा उडाला, तेव्हा मी मावशींकडे गेलो. त्यांनी फ्यूज पाहिला, पट्टी मधोमध वितळली होती. त्यांनी तो मला परत दिला.

"आता नवा न्हाय देणार. डॅशबोर्डखाली वायर कुठंतरी घासतेय. सोमवारी गाडी वायरमनला दाखवा."

"मावशी, उद्या खारबावला जायचंय. सगळे वाट बघतायत."

"मग बसनं जा."

मला राग आला. मी विज्ञानाचा शिक्षक, आणि ह्या मला शिकवणार! शिवाय सासुरवाडीला प्रथमच स्वतःच्या गाडीनं जायची हौस होती, ती वेगळीच. घरी येऊन मी चहाच्या पुडीतला चंदेरी कागद कापला, त्या जळक्या फ्यूजवर घट्ट गुंडाळला आणि फ्यूज परत बसवला. हॉर्न वाजला. शैला खिडकीतून म्हणाली, "दिला वाटतं मावशींनी?" मी म्हणालो, "हो."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. खारबाव जवळ आलं होतं. एका वळणावर मी हॉर्न वाजवला आणि रबर जळल्याचा वास आला. मी गाडी थांबवेपर्यंत डॅशबोर्डखालून धूर निघू लागला होता आणि वायरीवरचं वितळलेलं प्लास्टिक शैलाच्या पायावर पडलं. तिची साडी नायलॉनची होती. ती दार उघडून बाहेर पडली तेव्हा निऱ्यांनी पेट घेतला होता. शेतातून दोघे धावत आले. एकानं तिच्यावर घोंगडं टाकलं, दुसऱ्यानं गाडीत माती फेकली. तिचा उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत भाजला.

दवाखान्यात मेहुणा धावत आला. साखरपुड्याचे कपडे तसेच अंगावर. "भाऊजी, झालं कसं?" एवढंच त्यानं विचारलं. समोर खाटेवर शैला कण्हत होती, सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणालो, "फ्यूज कालच घातला होता. वायर तापली तरी उडालाच नाही."

"कुठून घेतला?"

"मावशींकडून."

सोमवारी त्यानं जळलेल्या गाडीतून तो फ्यूज उपसून काढला आणि मला बरोबर घेऊन दुकानावर गेला. वीज गेली होती. लूम बंद होते, त्यामुळे त्याचा आवाज साऱ्या नाक्यावर ऐकू गेला. "असला नकली माल विकता? माझी बहीण जळून मेली असती!" त्यानं फ्यूज काउंटरवर आपटला. ड्रायव्हर जमा झाले, त्यांत त्याच्याच गोदामाचे पाच-सहा होते.

मावशींनी फ्यूज उचलला. काजळी टाचणीनं खरवडली. खाली चंदेरी कागदाचा कपटा चिकटलेला होता. मेहुण्याला तो दिसला नाही, किंवा दिसून कळला नाही. मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, ह्यो माझ्याकडचा हाय?"

फ्यूज त्यांच्याकडचाच होता. त्यांनी आधी दिलेला, जळलेला. मी म्हणालो, "हो."

त्यांनी टाचणी खाली ठेवली. मग विचारलं, "बाईंचा पाय कसा हाय?" मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी फ्यूज कागदात गुंडाळून खणात ठेवला. मेहुणा आणखी पुष्कळ बोलला. 

राहनाळच्या गोदामांतले ड्रायव्हर त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं. ते यायचे थांबले. मावशींचा फ्यूज उडत नाही, गाडी पेटते, अशी बोलवा झाली. मी शाळेत जायचा रस्ता बदलला. काही महिन्यांनी कळलं, टपरी बंद झाली. मी स्वतःची समजूत घातली: आता नव्या गाड्यांना चपटे रंगीत फ्यूज येतात, जुन्या मालाला कोण विचारतं, दुकान कधीतरी बंद होणारच होतं. ही समजूत दिवसा पटायची.

त्यानंतर आठवीला तो धडा एकदा मी आजारपणाच्या नावाखाली दुसऱ्या सरांवर ढकलला. पुढच्या वर्षी ते जमलं नाही. वर्गात एक मुलगा उठून म्हणाला, "सर, माझी ताई सांगते, तुम्ही वर्गात एका मावशींना बोलावलं होतं. त्या कधी येणार?" मी त्याला खाली बसायला सांगितलं आणि फळ्याकडे वळलो. त्या संध्याकाळी मी शैलाला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चप्पल घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. मीही येते."

शेलारला मावशी पुतण्याच्या घरी राहत होत्या. ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, शैलाला जवळ बसवलं आणि आधी तिचा पाय पाहिला. व्रणावरून बोट फिरवलं. मी बोलायला सुरुवात केली, "मावशी, त्या दिवशी तो फ्यूज..."

"ठावं हाय. चांदी चिकटली व्हती त्याला."

"मग तेव्हाच का नाही बोललात? चार माणसांत मला उघडं पाडायला हवं होतं."

"बाई खाटेवर व्हती. तिच्या भावाम्होरं मी काय बोलू?" त्या म्हणाल्या. "आन मी थांबले व्हते. तुमी बोलाल म्हनून. त्या दिशी न्हाय तर दुसऱ्या दिशी. दुकान बंद करेपरेंत थांबले व्हते."

 मी विचारलं, "आता मी काय करू?"

"सांगा त्यांना, राहनाळला. मी हाय तवाच सांगा. मी पन येते."

पुढच्याच रविवारी आम्ही तिघं राहनाळला गेलो. मी मेहुण्याला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं; तो गोदामाच्या आत जाऊन बसला, बाहेर आला नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस ड्रायव्हर सावलीत बसले होते. मावशी इस्त्रीचं पातळ नेसून फाटकाशी उभ्या होत्या. मी मोडक्या-तोडक्या हिंदीत सांगितलं: चंदेरी कागद मी गुंडाळला होता, मावशींनी फ्यूज द्यायला नकार दिला होता, दोष माझा होता आणि नाव मी त्यांचं घेतलं. निम्म्यांना ते प्रकरण आठवतही नव्हतं. काही जण नवे होते. एक जण डबा बंद करत म्हणाला, "जाने दो मास्टरजी, पुरानी बात है." एक म्हातारा ड्रायव्हर तेवढा उठला, मावशींपाशी गेला आणि म्हणाला, "अम्मा, मैंने भी सबको बोला था. बिना देखे बोला था." मावशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना नाक्यावर आम्ही शेलारच्या रिक्षाची वाट बघत थांबलो. टपरीच्या जागी एसटीडीचा बूथ झाला होता. मी म्हणालो, "मावशी, मी खूप उशीर केला."

"दोन वर्सं लई झाली, मास्तर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग शैलाला पायाला खोबरेल लावत जायला सांगून त्या रिक्षात बसल्या.

त्यानंतर दोन-तीनदा मी शेलारला जाऊन आलो. त्यांनी दर वेळी चहा दिला, शाळेची चौकशी केली. पुढे त्या आजारी पडल्या, आणि गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं. शैला म्हणते, त्यांनी तुम्हाला माफ केलं होतं, नाहीतर बरोबर आल्या नसत्या. तिला तसं वाटतं. पण मी त्यांच्या शेजारी उभा होतो, त्यांच्याकडचा चहा प्यायलो, आणि त्यांनी तसं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही.