अर्धा कोयता

माणसं कुठल्या वेळी काय करतील हे गणितानं सांगता येतं, असा मार्तंडचा ठाम विश्वास होता. लग्नाला पाच वर्षं होऊनही तो ढळला नव्हता, म्हणजे बघा. पुण्याहून संख्याशास्त्र शिकून तो कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात लागला आणि ऊसतोडीच्या टोळ्यांचं त्यानं समीकरणच मांडलं. कुठली टोळी दिवसाला किती टन तोडेल, हे तो फडात पाऊल न ठेवता सांगे. बहुतेक वेळा खरंही ठरे.

तोडणीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघांचा मिळून एक कोयता. एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. मार्तंडच्या समीकरणातून निघालं, की अर्धा कोयता पुऱ्याच्या निम्मंही तोडत नाही, जेमतेम तिसरा हिस्सा. त्याला या शोधाची मोठी गंमत वाटली. अहवालात त्यानं ते वाक्य खाली रेघ मारून लिहिलं.

साल बहात्तरचं. दुष्काळानं कामाला माणसं उदंड झालेली. शेतकी अधिकारी काकासाहेबांनी अहवालातलं रेघेचं तेवढं वाचलं आणि मुकादमांना कळवून टाकलं, की यंदा अर्धे कोयते नकोत.

दसरा झाल्यावर पाथर्डीकडची बनुबाई ऑफिसात येऊन उभी राहिली. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. तेव्हापासून ती एकटीच टोळीबरोबर येई. घरात दोन लेकरं आणि सासू तिच्या तोडणीवर जगत होती. आपलं नाव कुणी खोडलं, एवढंच तिला विचारायचं होतं. मार्तंडनं समजुतीच्या सुरात सांगितलं, की उसाच्या वजनाच्या पावत्यांवर तिचं काम फारच कमी दिसतं.

"दिसंल कसं, सायेब?" ती म्हणाली. "दुपारपस्तोर मी माझा ऊस तोडते. मंग ज्याची बायको बाळंतीन हाय, तापानं पडली हाय, त्याच्या मोळ्या बांधते. त्या बदली त्यो माझी गाडी भरून देतो. पन मी बांधल्याल्या मोळ्यांची पावती त्याच्या नावानं फाटती. आमी सात जनी हाव अशा."

मार्तंडनं पावत्यांवरून पुन्हा नजर फिरवली. पुऱ्या कोयत्यांचे भरदार आकडे या सात बायकांना पोटात घेऊन बसले होते, आणि तो कौतुकानं त्यांचीच बेरीज करत राहिला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो तडक काकासाहेबांकडे गेला आणि चूक आपली आहे हे त्यानं कबूल केलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, मार्तंडराव," ते म्हणाले, "मग या बाईचा खरा आकडा किती, तेवढा सांगा."

तो त्याच्याकडे नव्हता. पावत्यांतून वेगळा काढायची सोयच नव्हती. काकासाहेबांनी पुढची फाईल ओढली. बनुबाई खडी फोडायच्या कामावर गेल्याचं पुढं मुकादमाकडून कळलं.

हंगाम उरकला तेव्हा पुऱ्या कोयत्यांची तोड चांगलीच घसरलेली होती. कारण शोधायचं काम अर्थातच मार्तंडकडे आलं. दुष्काळानं हलका पडलेला ऊस त्यानं आधी हिशेबातून काढला, मग कारखाना बंद राहिलेले दिवस काढले. तरी घट उरलीच. ती त्यानं सातानं भागली. उत्तर आलं, दुसऱ्यांच्या पावतीवर गेलेला, बाईमागे दिवसाला अर्धा टन.

काकासाहेबांनी मागितलेला आकडा हाच होता. तो मिळायला बनुबाईला घालवावं लागलं होतं.