डोहाळ्याचं नारळातलं चिकन

आमच्या मानपाड्याच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्यासारखं साउथ इंडियन चिकन करणारा दुसरा माणूस नाही. असता तर बिल्डिंग रिकामी झाली असती.

मी रिक्षा चालवतो. शाळा चौथीत सुटली. म्हणजे शाळेनेच मला सोडलं, दोघंही सुखी झालो. किचनमधलं माझं काम म्हणजे फ्रीज उघडायचा, आत बघायचं, बंद करायचा. तरी चिकन करायला गेलो, कारण बायकोला तिसरा महिना लागलेला आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं. फोडणीचा वास आला की उलटी. टूथपेस्टचा वास आला की उलटी. मी धंद्यावरून घरी आलो की चप्पल काढायच्या आधीच उलटी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठ दिवसांत काही टिकलं नाही तर ॲडमिट करून सलाईन लावू." सुईचं नाव काढलं तरी हिचे डोळे भरायचे.

आणि एका शनिवारी ती आपणहून बोलली, "अहो, कळव्याला होतो तेव्हा शेजारच्या सिस्टर चिकन द्यायच्या बघा, नारळाच्या दुधातलं. ते असतं तर दोन घास खाल्ले असते."

सिस्टर म्हणजे केरळच्या, हॉस्पिटलात नर्स. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हिने खायचं नाव काढलेलं. मी लगेच सिस्टरना फोन लावला. त्या ड्युटीवर. "दादा, आधी कोकोनट ऑइल गरम करायचा," त्या घाईघाईत सांगायला लागल्या. "मग कांदा, अद्रक, कढीपत्ता, मसाला. लास्टला नारळाचा दूध, गॅस एकदम बारीक..." अजून काहीतरी सांगत होत्या, पण मी थँक्यू बोलून ठेवला. मला सगळं अर्ध्यातच समजतं.

रविवारी सकाळी लाइन लावून चिकन आणलं. काळी पिशवी हाताला गरम लागत होती. ते गरम हाताला लागलं तिथेच माझं अर्धं मन उठलं. खाताना मी एक किलो एकटा संपवतो, पण कच्चं कधी हातात धरलं नव्हतं. पिशवी सिंकमध्ये उलटी केली तर गुलाबी पाणी, त्यात बुळबुळीत तुकडे, एका तुकड्याला पिवळी चरबी, दुसऱ्याला पिसांची काळी मुळं. ती नखाने काढायला गेलो तर तुकडा सटकून भांड्याच्या घासणीवर जाऊन बसला. मग तो वास. मला अशी जोरात ओकारी आली की आतल्या खोलीतून बायको ओरडली, "अहो, तुम्हाला कितवा महिना?"

मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, फोडणीचा वास हिच्यापर्यंत जायला नको. आता तेल. आमच्याकडे खोबरेल तेल एकच, बाथरूमच्या खिडकीत, फणीच्या बाजूला. सासूबाई गावाहून करून पाठवतात. बाटली उजेडात धरली तर तळाला कढीपत्ता, मेथीचे दाणे, अजून कसला तरी पाला. म्हटलं वा, सासूबाईंनी फोडणीची सगळी तयारी करूनच पाठवलीय! वाटीभर ओतलं.

तापल्यावर त्यातून जो वास निघाला तो मला अजून स्वप्नात येतो. कापूर, जास्वंद, करपलेली मेथी. सलूनला आग लागल्यावर असा वास येत असेल. मला वाटलं, केरळचा असाच असेल. कांदा टाकला, चिकन टाकलं, मसाला दुप्पट टाकला. पळीने हलवलं तर एका तंगडीला लांबच्या लांब केस गुंडाळलेला. मी तो दोन बोटांनी ओढत गेलो, ओढत गेलो, संपेचना. तरी मी थांबलो का? नाही.

नारळ मिक्सरला फिरवला. पिळायला फडकं सापडेना, म्हणून दोरीवरचा माझा बनियन घेतला. धुतलेला होता, शपथ. पण धुतलेला बनियन आणि स्वच्छ बनियन, यात फरक असतो. दूध राखाडी आलं. ते टोपात ओतलं, गॅस फुल केला, आणि सगळं फाटलं. वर तेलाचा हिरवट तवंग, खाली बाळाने दूध टाकल्यासारख्या गुठळ्या, मधून तंगड्या डोकावतायत. मी बोटभर चाटून बघितलं आणि सरळ सिंकमध्ये थुंकलो. जीभ नंतर दोन दिवस तेलकट होती.

इथे शहाणा माणूस गॅस बंद करून गप्प बसला असता. पण आतून आवाज आला, "झालं का हो? आणा ना थोडं." एवढ्या दिवसांनी ती ताट मागत होती. मला वाटलं, मला घाण लागलं म्हणून काय झालं, हिच्या जिभेला सगळंच उलटं लागतंय, म्हणजे हे बरोबर लागेल. वाटीत दोन तुकडे घेऊन गेलो.

तिने वाटी नाकाशी नेली. थांबली. मग वेणी पुढे घेऊन तिचा वास घेतला. परत वाटीचा घेतला.

"अहो, ह्याला माझ्या डोक्याचा वास का येतोय?"

मी खरं ते सांगितलं. सांगून व्हायच्या आत ती बाथरूममध्ये, आणि तिचा आवाज ऐकून तिच्या मागे मी. बेसिन तिने घेतलं, बादली मी.

बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली. घामाघूम, पांढरीफटक. "आता लावा सलाईन," एवढंच म्हणाली. मी तडक किचनमध्ये गेलो. टोप उचलला, झाकण दाबून धरलं आणि खाली कचराकुंडीवर जाऊन उपडा केला. नळावर तीन वेळा हात धुतले. वर जायची हिंमत होईना, तासभर रिक्षात बसून राहिलो. हाताचा वास घ्यायचो, तोंड वाकडं करायचो, परत घ्यायचो.

शेवटी वर गेलो. सगळ्या खिडक्या उघड्या. ही खाली बसून ताकभात खात होती. अर्धी वाटी संपलेली. मी दारातच उभा राहिलो, ती आता उठून पळेल म्हणून वाट बघत. ती चावत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. टिकलं!

मला राहवेना. "बघ," मी बोललो, "माझ्या चिकनने पोट मोकळं झालं म्हणून भूक लागली ना?"

तिने घास गिळला. "चिकन बाहेर गेलं आणि तुम्ही बाहेर गेलात, म्हणून भूक लागली. उद्यापासून मी जेवेपर्यंत खालीच थांबत जा."