चाळीस हजारांची फौज आणि एक गेट

माझ्या कादंबरीतल्या सरहद्दीच्या शहराला चाळीस हजारांची फौज आहे. त्यात गरुडावर बसून लढणारे सातशे, आणि तटावरचे पहारेकरी तर असे, की पापणी लवली तर त्यांना आठवडाभर लाज वाटते. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये बिलं टाइप करता करता मी ही फौज उभी केली. यावरून माझ्या पराक्रमाची कल्पना यावी.

मिलच्या गेटवरचे काका ते सारं मान हलवत ऐकायचे. मान आडवी हलायची, एवढंच. आलेल्या ट्रकच्या चाकावर काठीने दोनदा टकटक करायचे, ट्रक आत सोडायचे आणि मग सावकाश एकच प्रश्न विचारायचे.

"तुमचा शिपाई जेवाले गेला, तं जागेवर कोन?"

"ते जेवत नाहीत, काका."

"हव? मंग लढाईच्या आधीच मरतीन ना, भाऊ."

परवा दुपारी त्यांचा बदली गार्ड आलाच नाही. तिकडे अभनपूरला, काकांच्या घरी, त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे येऊन बसलेले. मी छाती फुगवून म्हटलं, "जा तुम्ही. गेट मी सांभाळतो."

काकांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. दोन पावलं गेले आणि वळले.

"ओळखीचा मानूस पिशवी घेऊन बाहेर निंगाला, तं?"

"ओळखीचाच ना? त्याची कशाला तपासायची?"

त्यांनी शिट्टी परत घेतली, गळ्यात घातली आणि माझ्याकडे पाहतच घरी फोन लावला.

"पाहुन्याईले चहा द्या. मी नाही येऊन राहिलो. इथं कोनी मानूस नाही."