वेल चालली, काढा नाही

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर सकाळी, ग्रामपंचायतीने आमच्या वेलमावशीच्या दारातला निंब तोडला. कारण सांगितलं रस्त्याचं. खोटं. त्या निंबावर तिची गुळवेल होती, म्हणून तो तोडला.

मागणाऱ्याला मावशी कधी नाही म्हणायची नाही. विळ्याने कांडं कापायची, एक तुकडा परत फांदीत अडकवायची. "हे मुळ्या सोडते, माती हुडकत खाली येते," म्हणायची. जीभ मात्र विळ्याहून धारदार. एकाने हातभर वेल मागितली तर म्हणाली, "काऊन बे, बैल बांधाचा हाय का? बोटभर लागते."

कोरोनात अख्खं गाव तिच्या दाराशी आलं. आम्ही बौद्ध. गावाचा न्याय असा, की आमच्या हातची कच्ची वेल चालते, आमच्या भगोण्यात उकळलेला काढा चालत नाही. तोंडाने कोणी बोलत नाही. "घरी करतो," एवढंच म्हणतात. मावशी उरलेला काढा स्वतः प्यायची. "जाऊ दे, मलेच पुरन."

पुढे उपसरपंचांच्या अंगात कणकण राहू लागली. तेही आले.

"उकळून तयार हाय, भाऊ. कपभर घ्या."

"राहू द्या. वेलच द्या."

तिने बोटभर दिली आणि बजावलं, "चार-पाच दिस घेजा, मंग बंद. ताप नाही उतरला तं दवाखान्यात जा."

दुसऱ्या दिवशी ती मजुरीला गेलेली असताना त्यांचा गडी भाराभर वेल तोडून घेऊन गेला. घरच्यांनी महिनाभर ती उकळून पाजली. डोळे पिवळे झाले. चिखलीच्या डॉक्टरांनी आधी काढा बंद केला, तेव्हा माणूस सावरला. सावरल्यावर पारावर बसून म्हणाला, "त्या बाईनंच काही तरी घातलं."

मावशी पारावर गेली. मी सोबत होतो. तिने आवाज चढवला नाही.

"घालाले माह्या हातचा घोटभर तरी तुम्ही कवा पेले, भाऊ?"

ज्यांच्या चुलीवर कोरोनात तिची वेल उकळली, तेही खाली बघत बसले. पोळा आला तेव्हा दारात नुसता बुंधा होता.

मी एक कांडं मागच्या बाभळीवर अडकवलं. तिने बघितलंही नाही. "कायले? मागाले कोन येते आता?"

मग ती मलकापूरला लेकीकडे गेली, दुसऱ्या मजल्यावर. हिवाळ्यात तिथेच वारली. गावातून आमच्या वस्तीबाहेरचं एक माणूस मातीला आलं नाही.

तुमच्याही गावात अशी बाई आहे. नाही म्हणू नका, आहे. तिच्या दारातून नुसतं कापून नेऊ नका. आत जा, बसा, आणि ती कपात ओतून देईल ते चारचौघांसमोर प्या.