म्हसोबाला बोललेला कोंबडा

कोंबड्या पाळणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी खुराडं उघडलं, की एखादा पायात येतोच. आमच्या गोरेगाव खेड्यात टपरीवर लोक मला बघितलं की विचारतात, "काय म्हणती तुझी पलटण?" पलटण माझी नाही, दादाची. उन्हाळ्यात दादा गेला आणि हा सगळा ताप माझ्या गळ्यात आला.

त्यात मोठा ताप तांबड्या कोंबड्याचा. दादा नांदेडला दवाखान्यात होता, तेव्हा आईनं तो म्हसोबाला बोलला होता. पोरगं बरं होऊन येऊ दे, हा तुला कापते. दादा आला, पण ॲम्ब्युलन्समधून, चादरीखाली. आता कोंबडा देवाचा की आमचा, ते कुणाला ठरवता येईना. मी ठरवलं. दादानं हातानं चारलेल्या कोंबड्याला सुरी लागू द्यायची नाही.

*

घारीनं उचलू नयेत म्हणून दादा पिल्लांना गुलाबी रंग लावायचा. मीही लावला, अख्खी पुडी कालवून. शेजारच्या सखूकाकूनं त्याच दिवशी, त्याच दुकानातला रंग आणून तिची पिल्लं रंगवली. संध्याकाळी सगळं अंगण गुलाबी! काकू म्हणाली, "आया वळखतील की आपापली लेकरं."

दोन्ही आयांनी सगळीच ओळखली. आधी त्या भांडल्या, मग मी आणि काकू.

*

एक कोंबडी खुडूक झाली, खाली अंडी नसताना उबवायला म्हणून दादाच्या स्वेटरवर जाऊन बसली. उठवली की चोच मारायची. पाण्यात बुडवली की खूळ जातं, असं कुणीतरी सांगितलं. मी लगेच बादलीत बुडवली. ती ओलीचिंब, तशीच चालत गेली आणि पुन्हा स्वेटरवर बसली.

मी डोक्याला हात लावला. आईनं अंडी आणून कोंबडीखाली ठेवली.

*

मग औंढ्याहून मामा आला. तांबड्याकडं बघत म्हणाला, "नवस फळलाच न्हाई, म्हंजे कोंबडा आपलाच. काहून उगं दाणे चारून राहिले?" मी तांबड्याला डालग्याखाली झाकलं आणि डालग्यावर बसलो. मामाचं जेवण होईपर्यंत उठलो नाही.

मामाला पिठलं खावं लागलं.

*

आखाडात गाव म्हसोबाला जमलं. म्हातारे रोज घरी येऊन सांगायचे, बोललेलं द्या, नाहीतर देव रागावेल. मी म्हणायचो, रागावून आता आणखी काय नेणार? त्या दिवशी मात्र डोकंच फिरलं. तांबड्याला खाकेत मारलं, तरातरा गेलो, देवापुढं सोडला आणि ओरडलो, "घे! हाबी घे!"

पळून जाईल असं वाटलं होतं. पळतोय कशाला! त्यानं नैवेद्याचा भात टिपला, उडी मारून म्हसोबाच्या डोक्यावर चढला आणि शेंदरात पाय रोवून आरवला. सुरीवाल्यानं मला विचारलं, "कापू का?"

तेवढ्यात मागून आई आली. तिनं तांबड्याला खाली उतरवलं, पदरानं त्याच्या पायाचा शेंदूर पुसला आणि देवाला म्हणाली, "तुझं तू नेलंस. हे माझं हाय."

मग माझ्याकडं वळली.

"चाल घरी. कोंबड्या झाकायच्या राहिल्या."