हेमाडपंत मिस्त्रींचा पत्ता

माझ्याइतका पायी चालून मूर्खपणा केलेला माणूस आपल्या बीडकडं दुसरा नसेल. हसायचं तेवढं हसा, पण मला सावकाश सांगू द्या.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी तेव्हा पंचविशीचा गवंडी. गावची पिण्याची विहीर मी आतून दगडानं बांधली आणि पहिल्याच पावसात ती ढासळली. पाटील म्हणाले, "भिवा, पुढच्या पावसाच्या आत धड बांध. न्हाई तर बीडचा गवंडी आणतो." म्हणजे गावातलं माझं काम कायमचं गेलं.

आमच्याकडं चुन्याशिवाय उभं असलेलं कुठलंही जुनं देऊळ दाखवा, लोक म्हणणार, "हेमाडपंती हाय." मला वाटलं, गावोगाव देवळं बांधणारा हा हेमाडपंत लई कामाचा मिस्त्री दिसतो. त्याच्याच हाताखाली शिकावं. शाळेचं तोंड कुणी पाहिलं होतं?

भाकरी बांधून निघालो. चौसाळ्याला पारावर विचारलं, "हेमाडपंत मिस्त्री कुठं राहत्यात?"

एक म्हातारा अगदी गंभीरपणे म्हणाला, "सकाळीच गेले की लिंबागणेशाला."

लिंबागणेशाचा दुकानदार म्हणाला, "आरं, थोडक्यात चुकामूक झाली बघ. कावून उशीर केला? पळ पुढच्या गावाला."

आठ दिवस पळालो. मिस्त्री काही भेटेनात. वाट बघत प्रत्येक देवळापाशी बसायचं आणि सांध्यांत बोटं घालून बघायचं. कुठल्या दगडाला खाच, कुठला त्यात बसवलाय, भार कुणावर टाकलाय.

शेवटी एका देवळात दिवा लावणाऱ्या गुरवीण आजीनं विचारलं, "कुणाला हुडकतोस, लेकरा?"

मी सांगितलं. तिनं एकटीनं माझी थट्टा केली नाही. म्हणाली, "त्यांना जाऊन शेकडो वर्षं झाली, बाबा. देवगिरीच्या राजाचे कारभारी होते ते. त्यांचं नाव दगडाला चिकटलं."

"मग दगड कुणी बसवले?"

"तुझ्यासारख्यांनीच."

मी तिथूनच माघारी फिरलो. घरी आलो तो थेट विहिरीत उतरलो. तीन महिने एकेक दगड घासून बसवला, चुना न लावता. पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली. सारं गाव काठावर उभं होतं. एक दगड हलला नाही. पाटलांनी स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला.

पाहुणे विहीर बघायला यायचे. गावकरी छाती फुगवून सांगायचे, "हेमाडपंती हाय."

माझं नाव मात्र वाया गेलं नाही. हरवलेल्या म्हशीमागं कुणी चार गावं उगीच हिंडून आला, की लोक अजून विचारतात, "झाला का बे तुझा भिवा?"